अ‍ॅपच्या आतली खिडकी
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आम्ही डिप्लोमावाले, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत. राहतो नरोलीत, ऑफिस तलासरीला. भाषणाची सवय नाही. पण संध्याकाळी शेजारीपाजारी मोबाइल घेऊन येतात, त्यातलेच एक सांगतो.

शेजारच्या काकांची जमीन गावी आहे. सातबारा बघायला त्यांनी एक अ‍ॅप घेतले होते. आत महाभूलेखचे पान, भोवती जाहिराती. "सरकारीच आहे ना?" काकांनी विचारले. पान सरकारीच होते. अ‍ॅप मात्र कुणा तिऱ्हाइताचे.

अ‍ॅपमध्ये वेबसाइट उघडणारी एक खिडकी बसवता येते. अँड्रॉइडवर तिला वेबव्ह्यू म्हणतात. बँका, दुकाने, सरकारी खाती, सगळेच ती वापरतात आणि त्यात गैर काही नाही. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये पान एकदा लिहिले की अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालते. फॉर्ममधला एखादा रकाना बदलला तर लोकांना अ‍ॅप पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाही. 2007 साली आयफोन आला तेव्हा तर अ‍ॅप स्टोअरच नव्हते. बाहेरच्यांनी वेबपानेच करावीत, असे अ‍ॅपलचे म्हणणे होते. स्टोअर उघडले जुलै 2008 मध्ये.

गोम पुढे आहे. ज्याच्या अ‍ॅपमधली खिडकी, त्याला आतल्या पानात स्वतःचे जावास्क्रिप्ट घालता येते. आपण टाइप केलेला नंबर, पासवर्ड तो वाचू शकतो. वर वेबसाइटचा पत्ताही बहुधा दिसत नाही. गूगलने 2016 मध्येच जाहीर केले होते, की अशा खिडकीतून आमच्या खात्यात लॉग-इन करू देणार नाही.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला 15 रुपये पडतात, म्हणजे ओटीपी आला, पैसे भरणे आले. आम्ही काकांना तो क्रोममध्ये काढून दिला आणि पत्त्यातले 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' बोट ठेवून दाखवले. जुने अ‍ॅप काढून टाकले. काका कुरकुरले, "त्यात अक्षरे मोठी दिसायची हो!" तेही खरेच. सरकारी पान करणाऱ्यांना चष्मा नसावा.

आणखी एक. 23 मार्च 2021 ला अँड्रॉइडवर जीमेलसारखी अ‍ॅप्स उघडताच बंद पडत होती. दोष अ‍ॅपचा नव्हता, वेबव्ह्यूचा होता. तेव्हा दोन-चार अ‍ॅप्स एकदम रुसली तर ती काढून टाकू नका. आधी प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' आणि क्रोम अपडेट करून बघा.

आरतीनंतर आम्ही मंडपात मागच्या बाजूला बसतो आहोत. मोबाइल आणा. आणि चष्मा.