नऊ प्रश्नांचा स्कोअर आणि आपला माणूस



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, हे आमच्या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून शिकवतात. घरात कुणाचं मन आजारी पडलं की आपण तीच फूटपट्टी काढतो: "किती टक्के बरं वाटतंय?"

मोजमाप निरुपयोगी नाही. 'पीएचक्यू-नाइन' ही नैराश्याची प्रश्नावली बघा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त 27. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी स्कोअर दहाच्या खाली आलेले रुग्ण 64 टक्के. हे समुपदेशन न मिळालेल्यांत 39 टक्के. मोजलं, म्हणून हे सिद्ध झालं.

पण त्या नऊपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांचे आहेत. ते रमजानमध्ये भरून बघा. सहरीमुळे झोप मोडलेली, जेवणाच्या वेळा बदललेल्या. आजार तेवढाच, तरी आकडा वर जाऊ शकतो. रोजे सुरू आहेत हे डॉक्टरांना सांगा. उलटही होतं. एखादीचा स्कोअर 18 वरून 9 वर येतो, पण ती अजून शेजारीसुद्धा जात नाही. कागदावर मात्र ती बरी.

म्हणून आकड्याच्या शेजारी रुग्णाच्या शब्दांतलं उद्दिष्ट लिहा: आठवड्यातून दोनदा दुकानावर बसणं, मुलीला शाळेत सोडणं, मैत्रिणीचा फोन उचलणं. गोव्यातल्या समुपदेशनाचा भरही अशा रोजच्या कृतींवरच होता. याही गोष्टी मोजता येतात. फक्त त्या रुग्णाने ठरवायच्या, घरच्यांनी नाही. 'लग्नाला हो म्हणणं' हे अम्मीचं उद्दिष्ट असेल, उपचाराचं नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची योजना समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क दिलाय. तो वापरा. विचारा, "आपण कशासाठी उपचार करतोय? ते साधलं हे कसं कळेल?"

आणि नववा प्रश्न, स्वतःला संपवण्याच्या विचारांचा. तो बेरजेत हरवू देऊ नका. एकूण स्कोअर कितीही कमी असो, तिथे शून्य नसेल तर त्याच दिवशी बोला. डॉक्टर भेटत नसतील, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.