उपाध्यक्ष कशाला लागतो?
(शिरपूर येथील युवक बैठकीत केलेलं भाषण)



ठरावाचा कागद तुमच्या हातात आहे. एक अध्यक्ष, चार उपाध्यक्ष. उपाध्यक्षांत एक पावरा, एक मातंग, एक मुसलमान, एक बाई. अध्यक्ष कुठल्या वस्तीतला ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही, या चौघांना वगळून जो उरतो तो. त्या चौघांनी करायचं काय, तेही लिहिलेलं नाही आणि ते कुणालाच माहीत नाही. मी या ठरावाच्या विरोधात बोलायला उभा आहे.

हे ‘उप’ प्रकरण आलं कुठून? बाबासाहेबांच्या घटनेत उपपदं आहेत, पण प्रत्येकाला काम आहे. राष्ट्रपतीची जागा रिकामी झाली तर उपराष्ट्रपती. लोकसभेत सभापती नसेल तेव्हा खुर्चीवर बसायला उपसभापती, कलम 93. आता गंमत बघा. 2019 ते 2024 ही अख्खी पाच वर्षं लोकसभेनं उपसभापती निवडलाच नाही. आणि उपमुख्यमंत्री? ते पद घटनेत शोधून सापडत नाही. महाराष्ट्रात पहिला झाला 1978 साली, नाशिकराव तिरपुडे. दोन काँग्रेस एकमेकींवर विश्वास ठेवेनात म्हणून ते पद काढलं, आणि चारपाच महिन्यांत सरकारच गेलं. डिसेंबर 2024 ला शपथ झाली तेव्हा एकाच्या दोन्ही बाजूंना दोन उपमुख्यमंत्री उभे होते. घटनेनं दिलेलं रिकामं ठेवायचं, घटनेत नसलेलं जोडीनं भरायचं. ही यांची राज्यघटना.

पक्षांत तर बाजारच भरलाय. 2021 ला प्रदेश काँग्रेसनं एक अध्यक्ष नेमला, त्याच्याखाली सहा कार्याध्यक्ष आणि वर दहा उपाध्यक्ष. त्या सहांत आपल्या धुळ्याचे कुणाल पाटील होते. 2024 ला धुळे ग्रामीणमध्ये पडले, 2025 च्या जुलैत भाजपात गेले. त्यांचं त्यांना लखलाभ. मला सांगायचंय ते दुसऱ्या कार्याध्यक्षाबद्दल. चंद्रकांत हंडोरे. समाजकल्याणाचं मंत्रिपद सांभाळलेला, आंबेडकरी वस्तीतला माणूस. जून 2022 ला विधान परिषदेची निवडणूक लागली. काँग्रेसचे उमेदवार दोन, त्यात हंडोरे पहिल्या क्रमांकाचे. म्हणजे आमदारांनी आधी त्यांचा कोटा भरायचा. पहिल्या क्रमांकाचा पडला आणि दुसऱ्या क्रमांकाचा निवडून आला. मतं फुटली ती घरातच. कार्याध्यक्षपदाची पाटी होती, पण त्या पाटीनं स्वतःच्या पक्षाची मतंसुद्धा राखता आली नाहीत. पुढे 2024 ला त्यांना राज्यसभा मिळाली, पण त्या दिवसाचं उत्तर कुणी दिलं नाही.

राष्ट्रवादीचं आणखी सोपं. 10 जून 2023 ला दोन कार्याध्यक्ष जाहीर झाले, सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल. पक्षाचा वर्धापनदिन, टाळ्या, हार. 2 जुलैला पक्ष फुटला. एक कार्याध्यक्ष इकडे, एक तिकडे. बावीस दिवस! वाटून दिलेलं पद भांडण मिटवत नाही, भांडणाला दोन पत्ते देतं.

आता म्हणाल, ते त्यांचे पक्ष, आपलं काय? आपलंच सांगतो.

3 ऑक्टोबर 1957, नागपूर. रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. एन. शिवराज अध्यक्ष, राजाभाऊ खोब्रागडे सरचिटणीस. बाबासाहेबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त झाले. पुढचे गट मोजायला बसलो तर इथून लळिंगला चालत जाऊन येता येईल. तरी त्यातही 1964 च्या डिसेंबरातला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर माणसं तुरुंग भरत होती. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या फळीचा अर्थ होता: पुढचा आत गेला तर बाहेरचं कोण बघणार? हा खरा प्रश्न. अशा वेळी उपाध्यक्ष लागतो.

नव्वदीच्या मध्याला लोकांनीच नेत्यांना धरून एकत्र बसवलं. एक अध्यक्ष ठरेना, म्हणून अध्यक्षमंडळ आलं. 1998 ला काय झालं ते विसरू नका. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले मुंबईतून. चौघं खासदार, आणि चौघंही खुल्या जागेवरून. काँग्रेसची सोबत होती, ते खरं. पण वस्तीवस्तीत जे वारं होतं ते जुनी माणसं अजून सांगतात. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक लागली, तोवर चौघांच्या चार वाटा. मंडळात मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, मंडळ कुणाला जबाबदार, त्याला बदलणार कोण, हे पक्कं नव्हतं. लोकांनी एकी दिली, नेत्यांनी खुर्च्या वाटल्या.

मी गोदीत काम करतो. क्रेन माल उचलते तेव्हा खाली उभा राहून इशारा देणारा एकच असतो. दोघं हात हलवायला लागले तर खालचा माणूस चेंगरतो. आता लगेच म्हणू नका, हा एकाच पुढाऱ्याची भलामण करतोय. इशारेवाला पाळीपाळीनं बदलतो. तो सगळ्यांना दिसेल अशा जागी उभा असतो. तो खाली बसला तर त्याच्या जागी कोण, हे टोळीतल्या पोरापोराला माहीत असतं. आमच्या पक्षांत उलटं. इशारा देणारा दिसत नाही, आणि हात मात्र चार जण हलवतात.

आणि शिरपूरला हे मी मुंबईवाल्यानं शिकवायचं? 2009 पासून तुमचा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव. आमदार काशीराम पावरा. 2019 ला अमरीशभाई पटेल काँग्रेसमधून भाजपात गेले, आमदारही गेले. आधी कोण उठलं आणि मागून कोण, हे चौकातला चहावाला सांगेल, भो. यावर तुम्ही हसता. मग आपल्या ठरावात सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा उपाध्यक्षच का? इथं मोठी वस्ती त्याची, जंगलखात्याचा दंडुका त्याच्या पाठीवर, आणि अध्यक्ष मात्र आपण! बाईला ‘उप’ देऊन सतरंज्या घालायला सांगणार असाल तर ते पद तिच्या घरात आधीच आहे.

माझी दुरुस्ती अशी आहे. उपाध्यक्ष दोनच. एकाकडे पैसा: पावतीपुस्तक त्याच्याकडे, आणि त्याच्या सहीशिवाय खात्यातून रुपया निघणार नाही. दुसरीकडे गावं: कुठल्या पाड्यावर काय चाललंय, कुणावर केस झाली, वकील कोण, याची वही. अध्यक्ष आत गेला, आजारी पडला किंवा फितूर झाला, तर जागा कोण घेणार त्याचं नाव आजच लिहायचं. अध्यक्ष एका वर्षासाठी, लगेच दुसऱ्यांदा नाही. आणि पहिला अध्यक्ष आपल्या वस्तीतला असणार नाही.

शेवटच्या ओळीला कुरकुर होणार, ती मला ऐकू येतेय. म्हणून मतदान हात वर करून नको. चिठ्ठ्या आणल्यात, वाटा.