दिवाळीची भेट आणि कापडी रुमाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, शिवता येते. तसे मी चिटणीसबाईंना सांगितलेही. पण ‘मग शिवण्यावरच बोला’ असे त्या म्हणाल्या आणि माझा नाइलाज झाला.

दिवाळीचा फराळ आणि भाऊबीजेच्या भेटी चकचकीत कागदात गुंडाळून देण्याची चाल आता आपल्या आळीतही पडली आहे. तो कागद एकदा मुठीत चुरगळून पाहा. मूठ उघडताच तो पुन्हा फुलला, तर त्यात प्लॅस्टिक आहे असे खुशाल समजावे. आपल्याकडे पोथी बासनात असे, शिदोरी फडक्यात असे. पेशवे दफ्तरातले कागदसुद्धा रुमालांत बांधून ठेवीत. जपानात अशा चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात. स्नानगृहात कपडे बांधून नेण्याचे ते फडके, म्हणून हे नाव. २००६ साली तेथील पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी त्याचा मुद्दाम पुरस्कार केला होता. म्हणजे फडके आपल्यालाच जुने वाटते!

आता माप. सात इंच रुंद आणि तीन इंच उंच डब्याला शिवून एकवीस इंचांचा चौकोन पुरतो. ढोबळ हिशेब असा, की रुमाल डब्याच्या रुंदीच्या तिप्पट असावा. डबा फार उंच असेल तर त्याहून मोठा. कापताना बावीस इंच धरावे. नवे सुती कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गाठ पुरत नाही. कडा पाव इंच दुमडून पुन्हा पाव इंच दुमडावी व बारीक टीप घालावी. कोपऱ्यात कापडाचा गठ्ठा होतो, तो आधी तिरपा कापावा. साडीचा काठ ज्या बाजूला येईल ती बाजू दुमडूच नये. काठ उसवत नाही आणि दिसतोही छान. गाठ मारताना उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूचे टोक वर घेतले तर गाठ घसरते आणि लाडू जिन्यावर. (हे मी पाहिलेले आहे. कोणाच्या जिन्यावर ते विचारू नये.)

माझे पहिले अठरा रुमाल आईच्या इरकली लुगड्याचे. आई गेल्यावर ते माझ्या ट्रंकेत होते. घड्यांवर विरले होते, म्हणून धड भाग काढून मी एका दुपारी कापून टाकले. अक्काला विचारले नाही. दिवाळीला तिच्याकडे चकल्या पाठवल्या, त्या त्याच रुमालात. मला वाटले, तिला आनंद होईल. संध्याकाळी तिचा फोन आला. “आईचं लुगडं कापलंस?” एवढेच बोलली आणि फोन ठेवला. भाऊबीजेला आम्ही दोघी भावाच्या घरी एकाच सतरंजीवर बसलो, पण ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

संक्रांतीला रुमाल परत आला. आपल्यात भांडे रिकामे परत करीत नाहीत. त्यात तिळगूळ होता. एका कोपऱ्यात विरलेली जागा माझ्या नजरेतून सुटली होती, तेथे अक्काने बारीक रफू केले होते. आत चिठ्ठी होती, “पदराचा तुकडा कुणाला दिलास?”

तो मी शेजारच्या वहिनींना दिला होता, करंज्या बांधून. दिलेली वस्तू परत मागायला जाताना पाय जड झाले होते. वहिनींनी काही विचारले नाही. डाळीच्या डब्यावर झाकलेला तो लाल तुकडा त्यांनी काढला, झटकला, आणि त्यात चार पेरू बांधून माझ्या हातात दिला. मी तो तसाच अक्काकडे घेऊन गेले. तिने पेरू काढून घेतले आणि तुकडा देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. मग म्हणाली, “बस, चहा टाकते.”

येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता शिवणवर्गात रुमाल शिवायला घेऊ. जुनी साडी आणताना ज्यांचा तिच्यावर जीव आहे त्यांना विचारून आणा. आणि कात्री घरूनच आणा. मंडळाच्या कात्रीने गेल्या गणपतीत पुठ्ठे कापले आहेत.