पॉलिहाउसमधील थेंबाची गोष्ट



बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन रुजले आहे. आता पॉलिहाउसकडे वळणाऱ्यांनी छताच्या फिल्मचा गुणधर्म अवश्य जाणून घ्यावा.

साध्या पॉलिथिनला पाण्याचे वावडे असते. पहाटे आतील बाफेचे पाणी होऊन थेंब लोंबतात, पानांवर ठिबकतात आणि बुरशीला निमंत्रण मिळते. याउलट, एक टोक प्लॅस्टिकशी व दुसरे पाण्याशी सख्य राखणारे रसायन पृष्ठभागावर असल्यास तेच पाणी पातळ थर होऊन उतारावरून ओघळते. प्लॅस्टिक तेच, पालटते केवळ त्याची कांती.

हे रसायन कालांतराने धुऊन जाते. यास्तव थेंबरोधक फिल्म किती काळ टिकेल, हे खरेदीपूर्वीच विचारावे, थेंबरोधक बाजू आत ठेवावी आणि छताला पुरेसा उतार द्यावा. थेंब आवरला, तर पीक सावरेल.