समुद्रात पेरलेला शेवंड कोणाचा?



शेवंडाची पिलं वाढवून समुद्रात सोडायची गोष्ट कोणत्याही बंदरावर काढून पाहा. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सोडायची आम्ही, आणि धरायची कोणी?" आजच्या विषयाचं अर्थशास्त्र याच प्रश्नात आहे. तो पैसे घालून, वर्षानुवर्षं मोजदाद ठेवून तपासला गेला तो नॉर्वेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, स्टाव्हांगर शहराजवळ क्विट्सॉय नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. तिथला शेवंड आपल्यापेक्षा वेगळा, दोन मोठ्या नांग्यांचा. १९३० च्या दशकात नॉर्वेत हा शेवंड वर्षाला हजार टनांच्या आसपास मिळायचा. १९९० च्या दशकापर्यंत तो तीसेक टनांवर आला होता. तेव्हा सरकारने ठरवलं की पिलं तयार करायची आणि सोडायची. १९९० ते १९९४ या काळात क्विट्सॉयच्या पाण्यात सुमारे १ लाख २८ हजार पिलं सोडली गेली.

पिलू वाढवणं म्हणजे काय, ते समजून घेतलं पाहिजे, कारण खर्च तिथेच होतो. शेवंडाची पिलं एकमेकांना खातात. त्यामुळे एका टाकीत हजारभर पिलं सोडून चालत नाही, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा लागतो. प्रत्येक कप्प्यात खाणं टाकायचं, प्रत्येक कप्पा स्वच्छ ठेवायचा, आणि हे महिनोन् महिने. कोळंबीच्या बीजाचा हिशोब इथे लागू पडत नाही. या कप्प्यांमुळे एक विलक्षण गोष्टही घडली. समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या शेवंडाची एक नांगी जाड, शिंपले फोडणारी होते आणि दुसरी बारीक, कापणारी. गुळगुळीत कप्प्यात फोडायला काहीच नसतं, म्हणून तिथल्या बहुतेक पिलांच्या दोन्ही नांग्या बारीकच राहिल्या. पुढे जाळ्यात आलेला शेवंड टाकीत वाढलेला की दर्यात, हे बऱ्याचदा त्याच्या नांग्या पाहूनच कळू लागलं.

निकाल काय लागला? जीवशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर चांगला. काही वर्षांत क्विट्सॉयच्या मासेमारीत येणाऱ्या शेवंडांपैकी जवळजवळ निम्मे टाकीतले निघाले. त्यांच्या माद्यांनी दर्यात अंडीही धरली. म्हणजे पिलू जगतं, वाढतं, संसार करतं, हे सिद्ध झालं.

आता वहीची दुसरी बाजू पाहू. सोडलेल्या शंभर पिलांमागे परत हाती आले सुमारे सहा. समजा, एका पिलाला १०० रुपये खर्च आला. हा आकडा मी फक्त गणितासाठी घेतोय. शंभर पिलांचे झाले १० हजार. परत आले सहा, म्हणजे हाती आलेल्या प्रत्येक शेवंडामागे फक्त बियाण्याचा खर्च १,६६७ रुपये. पण पिलू सोडल्यापासून धरण्याजोगं व्हायला पाच ते सात वर्षं जातात. तोवर पैसा अडकून पडतो. वर्षाला ८ टक्के व्याज आणि सहा वर्षं धरली, तर तोच खर्च २,६०० च्या वर जातो. डिझेल, जाळं, खलाशाचा वाटा यात अजून आलेलाच नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टनजवळ १९८० च्या दशकात सुमारे ४९ हजार पिलं सोडली होती. प्रत्येकाच्या अंगात तारेचा बारीक तुकडा खुणेसाठी टोचला होता. नंतर तपासलेल्या मालात खुणेचे शेवंड सापडले सहाशेच्या थोडे वर. तपासणीतून निसटलेले किती, हा हिशोब वेगळा धरला तरी या आकड्यांवर कोणतीही बँक कर्ज देणार नाही.

नॉर्वेच्या प्रकल्पाचं आर्थिक मूल्यमापन झालं तेव्हा त्या वेळच्या पिलाच्या किमतीत हा व्यवहार नफ्यात बसत नव्हता. आणि बसला असता तरी नफा कोणाचा? पिलांचे पैसे एकाचे आणि शेवंड ज्याच्या जाळ्यात आला त्याचा. नॉर्वेने हा प्रश्न टाळला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. २००० साली त्यांनी कायदा करून ठरावीक जागेत पिलं सोडणाऱ्याला तिथले शेवंड धरण्याचा खास हक्क देण्याची सोय केली. ब्रिटनने १९९७ मध्ये कालवांसाठीच्या जुन्या हक्कांच्या कायद्यात शेवंड आणि खेकडेही घेतले. दोन्हीकडे शहाणपण एकच : आधी मालकी ठरवा, मग बियाणं टाका.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाने तर बियाणं तयारच केलं नाही. तिथला शेवंड आपल्यासारखा काटेरी, बिननांग्यांचा. नैर्ऋत्येच्या खोल, थंड पाण्यात तो इतका सावकाश वाढतो की कित्येकांना धरण्याजोगा आकार गाठायला फार वर्षं लागतात. रंगही फिकट, म्हणून भाव कमी. संशोधकांनी २००५ नंतर असे सुमारे ३० हजार लहान शेवंड उचलून किनाऱ्याजवळच्या भरपूर खाद्याच्या पाण्यात नेऊन सोडले. त्यांची वाढ कित्येक पटींनी झाली, कात टाकल्यावर रंगही लाल झाला. टाकी नाही, कप्पा नाही. खर्च फक्त वाहतुकीचा. आणि १९९८ पासून तिथे प्रत्येक परवानाधारकाचा एकूण मासेमारीतला वाटा ठरलेला असल्यामुळे वाढीव माल ज्याच्या त्याच्या वाट्याने वाटला जातो. शेतकरी याला पुनर्लागवड म्हणेल. रोप वाफ्यात दाटीने खुरटत असतं, ते उचलून मोकळ्या रानात लावायचं.

माल वाढला म्हणजे पैसा वाढला, हेही गृहीत धरू नका. अमेरिकेच्या मेन राज्यात २०११ साली सुमारे साडेदहा कोटी पौंड शेवंड उतरला. २०१२ साली समुद्र लवकर तापला, शेवंडाने लवकर कात टाकली आणि माल पावणेतेरा कोटी पौंडांच्या घरात गेला. भाव पौंडाला २ डॉलर ६९ सेंटपर्यंत कोसळला. माल पाचव्या हिश्शाने वाढला, पण एकूण उत्पन्न जेमतेम हललं. जास्त खेपा, जास्त डिझेल आणि हाती तेवढेच पैसे. शेजारच्या कॅनडातल्या मच्छीमारांनी तर कारखान्यांचे रस्ते अडवले. कांद्याचा भाव पडलेला पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. आपल्या काटेरी शेवंडाचं पिलू अंड्यातून निघाल्यावर काचेच्या पानासारखं पारदर्शक, चपटं असतं आणि त्याच रूपात महिनोन् महिने खुल्या दर्यावर वाहत राहतं. इतका काळ त्याला टाकीत जगवणं हे जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांनाच जमलं आहे. तेव्हा क्विट्सॉयची नक्कल आपल्याला परवडणार नाही. दुसरीकडे, गमावणं किती सोपं असतं ते मुंबईने पाहिलं आहे. मुंबईच्या ट्रॉलरना मिळणारा वाळूतला चपटा शेवंड १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. अंडीवाल्या माद्याच उचलल्या गेल्या. त्याची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

२००३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आपला चिखलातला काटेरी शेवंड ३०० ग्रॅमपेक्षा हलका असेल तर निर्यात करता येत नाही. पण हा नियम निर्यातदाराच्या तराजूवर लागतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत शेवंड बहुधा मेलेला असतो. निर्णय व्हायला हवा होडीवर. मेनचे मच्छीमार अंडीवाली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीला छोटीशी खाच पाडून तिला परत सोडतात. पुढे कधी ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच पाहून दुसराही तिला सोडतो. खाच पाडायला काही सेकंद लागतात.

आपल्या एका मोठ्या मादीच्या पोटाखाली लाखांच्या घरात अंडी असतात. तिला परत टाकणारी होडी त्या दिवशी शेकडो रुपये दर्यात टाकते आणि वाढलेली पिलं उद्या कोणाच्याही जाळ्यात जाऊ शकतात. म्हणून मी म्हणतो, हॅचरीसाठी पैसा मागण्याआधी प्रत्येक बंदराच्या मच्छीमार सोसायटीने एक वही घालावी. जिवंत सोडलेली अंडीवाली मादी त्यात नोंदवावी आणि तिचा त्या दिवसाचा भाव होडीला मिळावा. तो पैसा सोसायटीने द्यायचा, निर्यातदाराने की सरकारने, यावर व्याख्यानानंतर तुमच्याशी बोलायला मी इथेच थांबणार आहे.