ओस पडत्या मॉलमधलं ऊन
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'तुझ्या छंदाबद्दल बोल,' असं संयोजकांनी सांगितलं. मी सुटीच्या दिवशी ओस पडत चाललेल्या मॉलचे फोटो काढते. वेरूळ-अजिंठ्याच्या शेजारी वाढलेल्या मुलीला हेच सुचलं का, असं बाई नक्की विचारतील.

मुंबईत हाजीअलीजवळ 1999 मध्ये क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला. देशातल्या पहिल्या काही मॉलपैकी हा एक. बघ्यांची इतकी गर्दी झाली की काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर 60 रुपये भरा, असा नियम होता. तेव्हा आपल्यापैकी कितीजणांकडे मोबाइल होता? आपली खरेदी गुलमंडीत आणि औरंगपुऱ्यात व्हायची. पुढे क्रॉसरोड्सचा सोबो सेंट्रल झाला. लोअर परळला मोठे मॉल आले, ऑनलाइन खरेदी आली, आणि तिथले गाळे रिकामे होत गेले. हा एकटाच नाही. नाइट फ्रँकच्या अहवालानुसार 2023 मध्ये आठ मोठ्या शहरांत 40 टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले 64 मॉल होते.

अशाच एका मॉलमध्ये, रीतसर परवानगी घेऊन काढलेले तीन फोटो आता पडद्यावर आहेत.

पहिला, पाटी उतरवलेल्या दुकानाचा. अक्षरं गेली, पण त्यांच्यामागे भिंतीचा रंग कोरा राहिला, म्हणून नाव अजून वाचता येतं.

दुसरा, बंद सरकत्या जिन्याचा. दुपारी चारला छताच्या काचेतून येणारं ऊन पायऱ्यांच्या खाचांवर रेघा ओढतं. मॉल भरात असताना हे दिसलंच नसतं. कॅमेरा झगमगत्या दिव्यांच्या हिशेबाने लावला की मंद उजेड काळोखात बुडतो. दिवे कमी झाले, तेव्हा इमारतीचा खरा आकार दिसू लागला.

तिसऱ्या फोटोत कपडे अल्टर करणाऱ्या ताई आहेत. त्या मजल्यावर त्यांचंच दुकान उरलंय. पहिले दोन फोटो पाहून त्या म्हणाल्या, "छान आहेत हो, पण यात गिऱ्हाईक कुठंय?" मग त्यांनी स्वतःच सांगितलं, सगळे दिवे लावते, पाटी नीट दिसू दे, व्हॉट्सॲपवर पाठवायला होईल. माझ्या संग्रहातला हा सगळ्यात साधा फोटो. त्यांच्या उपयोगाचा मात्र एवढा एकच.

त्या शांततेतलं सौंदर्य खरं आहे. तिचं भाडं कुणीतरी दर महिन्याला भरतंय, हेही तितकंच खरं. म्हणून मी आता रिकाम्या गाळ्यांबरोबर उरलेल्या माणसांचेही फोटो काढते आणि प्रत्येकाला प्रत देते.

आपल्या गावात चिकलठाण्याला 2010 मध्ये प्रोझोन आला, तरी गुलमंडीची गर्दी हटली नाही. पण हाताने रंगवलेल्या पाट्या आणि लाकडी फळ्यांची दारं एकेक करून जाताहेत. तुमच्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. आपण वह्या, गणवेश, सायकलचं पंक्चर जिथे करत होतो, त्या दुकानांत एकदा जा. मालकाला विचारून फोटो काढा, आणि निघताना काहीतरी विकतही घ्या. पुढच्या मेळाव्यात ते फोटो आपण याच भिंतीवर लावू.