घर घेताना : आधी कागद, मग इसार

(नागपूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत. त्या काळी बांधणे हेच मोठे अवघड काम होते. जागा बहुधा वडिलोपार्जित असे. आज स्थिती उलट झाली आहे. बांधणारा मनुष्य पैसे दिले की मिळतो. निर्वेध जागा मिळणे मात्र दुरापास्त झाले आहे. शिवाय घराची खरेदी सामान्य माणूस आयुष्यात एकदाच करतो. तो या व्यवहारात नवखा असतो आणि समोरचा विकणारा मुरलेला असतो. हे अंतर कसे कमी करावे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा विषय आपणांपुढे मांडण्यास कारण आहे. गावातील मनुष्य वकिलाकडे जाण्यापूर्वी गुरुजींकडे, सरपंचांकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे कागद घेऊन येतो आणि 'जरा पाहून द्या' म्हणतो. काय पाहावयाचे हे पाहणाऱ्यास ठाऊक असेल, तर एका कुटुंबाची जन्माची पुंजी वाचू शकते.

नागपूरचा अनुभव

नागपूर शहराची वाढ नियोजनपूर्वक व्हावी यासाठी १९३६ च्या अधिनियमान्वये नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना झाली. परंतु शहर योजनेपेक्षा वेगाने वाढले. शेतजमिनीचा सौदा करावयाचा, कागदावर रेघा ओढून प्लॉट पाडावयाचे, चुन्याने हद्दी आखावयाच्या आणि हप्त्याहप्त्याने विकावयाचे, असा व्यवहार शहराच्या चहूबाजूंनी वर्षानुवर्षे चालला. काही ठिकाणी तो व्यक्तींनी केला, तर काही ठिकाणी गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या नावाने झाला. अभिन्यासाला, म्हणजे आपल्या बोलीतील ले-आऊटला, मंजुरी नसल्यामुळे रस्ता, गटार व नळ यांची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. 'पाचशे बहात्तर' आणि 'एकोणीसशे' हे आकडे अनधिकृत ले-आऊटांची ओळख म्हणून नागपूरकरांच्या तोंडी बसले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अशा वस्त्यांतील लोकांना दिलासा देण्यासाठी २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांचे व बांधकामांचे नियमितीकरण त्यामुळे शक्य झाले. पुढे २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. शुल्क भरून मिळणाऱ्या नियमितीकरण पत्रास नागपुरात सर्रास 'आर. एल.' म्हणतात, हे आपण जाणताच.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'आज घेऊन ठेवा, उद्या सरकार नियमित करील' असे विकणारा सांगतो. नियमितीकरण ही पूर्वी फसलेल्यांसाठी दिलेली सवलत आहे. तिला तारखेचे बंधन आहे, शुल्काचे बंधन आहे, आणि रस्ता, बगीचा किंवा शाळा यांच्या आरक्षणात सापडलेल्या भूखंडास तिचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा भावी सवलतीच्या आशेवर आज खरेदी करणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपली बाग लावण्यासारखे आहे.

पंचायतीचा दाखला म्हणजे मालकी नव्हे

मिहान प्रकल्पानंतर वर्धा मार्गाच्या बाजूस आणि तद्वतच हिंगणा, उमरेड, कामठी या दिशांना जमिनीची मागणी वाढली. शहराबाहेरील सातशेहून अधिक गावांसाठी २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या हद्दीत महानगरपालिका किंवा सुधार प्रन्यास आणि या गावांत प्राधिकरण, अशी परवानगीची व्यवस्था आहे. म्हणून आपल्या जागेवर नेमका कोणाचा अधिकार चालतो, हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असावयास हवा.

विकणारा पुष्कळदा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीची पावती किंवा विजेचे देयक पुढे करतो. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद होय. कर घेतला म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत ठरत नाही. ही गोष्ट पंचायत सदस्यांनी आपल्या तोंडाने सांगितली, तर तिचे वजन वकिलाच्या सल्ल्याहून अधिक पडेल.

कोणते कागद पाहावेत ?

पहिला कागद सातबाराचा. त्यातील गाव नमुना सात हा हक्काचा अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. खसरा क्रमांक, क्षेत्र व खातेदारांची नावे विकणाऱ्याच्या बोलण्याशी जुळतात का, ते पाहावे. समजा, सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे आहेत आणि सौद्यावर सही एकाचीच आहे. अशा वेळी उरलेल्या तिघांच्या संमतीवाचून तो सौदा पूर्ण होत नाही. 'इतर हक्क' हा रकाना अवश्य वाचावा; बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा न्यायालयातील वाद तेथे आढळतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीखेरीज पुढे जाऊच नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता संगणकावर मिळतो. त्यामुळे विकणाऱ्याने दिलेल्या छायाप्रतीवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका पाहावी.

दुसरा कागद फेरफाराचा, म्हणजे गाव नमुना सहाचा. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशाच्या आधारे आली, हे त्यातून उलगडते. पटवारी म्हणा, तलाठी म्हणा किंवा २०२४ पासूनचे ग्राम महसूल अधिकारी म्हणा, त्यांच्याकडे ही माहिती मागण्यात संकोच नसावा.

तिसरा कागद मंजूर अभिन्यासाचा. अकृषिक वापराच्या कार्यपद्धतीत शासनाने अलीकडे पुष्कळ सुटसुटीतपणा आणला आहे. परंतु त्यामुळे नियोजन प्राधिकरणाच्या मंजुरीची गरज संपलेली नाही. नकाशावर मंजुरीचा क्रमांक व दिनांक पाहावा, त्याची खातरजमा त्या कार्यालयातच करावी आणि आपला प्लॉट रस्त्यासाठी किंवा मोकळ्या जागेसाठी राखलेला नाही ना, हे प्रत्यक्ष जागेवर नकाशा नेऊन तपासावे.

चौथा कागद शोध अहवालाचा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीची साखळी नोंदणीकृत दस्तांवरूनच जुळवावी लागते. वकील आपण निवडावा; विकणाऱ्याने सुचविलेला नसावा. वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे हाही चांगला प्रघात आहे.

इसार आणि विक्रीपत्र

हे सारे इसारापूर्वी करावयाचे आहे. इसाराची रक्कम हाती पडेपर्यंत विकणारा आपल्या प्रश्नांना उत्तरे देतो. ती पडल्यावर प्रश्न विचारणारेच आपण अडकलेले असतो. 'उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे' या धाकाला बळी पडू नये. इसार द्यावयाचा तो धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावा, आणि कागद सदोष निघाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे इसारपत्रात लिहून घ्यावे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या करारनाम्याने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत विक्रीपत्रानेच होते. साध्या मुद्रांक कागदावरील लिखाण, कबजापत्र किंवा मुखत्यारपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. मुखत्यारपत्राच्या आडून होणाऱ्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे विकणाऱ्याचा हक्क निर्दोष ठरला, असेही मानू नये. नोंदणी कार्यालय दस्ताची नोंद करते. विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

सदनिका घेणाऱ्यांसाठी

इमारतीतील सदनिका घेणाऱ्यांना २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचा मोठा आधार आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करीत आहे. पाचशे चौरस मीटरहून अधिक जागेवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणीवाचून जाहिरात वा विक्री करता येत नाही. प्लॉट पाडून विकण्याच्या प्रकल्पांनाही हा कायदा लागू आहे. जाहिरातीतील नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर ठरवावी. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत वा दर्जात दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. ताब्याच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते नसता केवळ किल्ली घेणे धोक्याचे आहे.

पैशाचा हिशेब

तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम बँकेस देता येते. दहा लाखांवरील घराच्या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च मात्र धरला जात नाही. म्हणजे उरलेले दहा टक्के आणि हा खर्च आपल्या गाठी असावा लागतो. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. कुटुंबाने तिचा जरूर विचार करावा. ज्या जागेवर कोणतीच बँक कर्ज देण्यास राजी नाही, ती जागा सावकारी पैशाने घेऊ नये. बँकेचा नकार हा पुष्कळदा फुकट मिळालेला सल्ला असतो.

मित्रहो, आपणांकडून अपेक्षा मोठी नाही. आपल्या गावातील कोणत्या अभिन्यासांस मंजुरी आहे, याची माहिती प्राधिकरणाकडून मागवून ती पंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षकांनी पालकसभेत सातबारा कसा वाचावा हे एकदा समजावून सांगावे. कागद घेऊन आलेल्या माणसास 'ठीक दिसते' असे मोघम उत्तर देऊ नये. काय पाहिले व काय पाहावयाचे राहिले, ते स्पष्ट सांगावे. आणि त्याने अद्याप इसार दिला नसेल, तर चौकशी पुरी होईपर्यंत त्यास आठ-पंधरा दिवस थांबण्यास सांगावे.